ऑपरेशनला पाच लाख, अंथरुणाला काय?

डिसेंबरचा महिना. कांदा लागवडीची घाई. घरातली सगळी माणसे वाफ्यांत, आणि पंच्याहत्तरीची आजी गोठ्यात शेण ओढायला गेली ती पाय घसरून पडली. खुबा मोडला. गाडी करून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. सत्तरीवरच्यांसाठीचे आयुष्मान कार्ड नातवाने आधीच काढून ठेवले होते. त्यामुळे ऑपरेशनला घरचा रुपया लागला नाही. आठव्या दिवशी आजी घरी आली. भावकीतली माणसे म्हणाली, सरकारनं म्हातारीचं सोनं केलं. खरेच केले होते.

पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. आजीला उठता येईना. दर दोन तासांनी कूस बदला, असे सिस्टरने घरी सोडताना घाईघाईत सांगितले होते. ते ऐकले मुलाने आणि करायचे होते सुनेने. सून दिवसभर रोपे लावायला. सहाव्या आठवड्यात पाठीला, माकडहाडापाशी जखम दिसली. दिसली तेव्हा ती बोट आत जाईल एवढी खोल झाली होती. डॉक्टर तिला बेडसोर म्हणतात. मग जवळच्या खासगी दवाखान्यात रोज ड्रेसिंग. तिथे कार्ड चालत नव्हते. गाडीभाडे वेगळे, बिल वेगळे आणि ऐन हंगामात रोज एक माणूस मोडलेला. खुब्याने जे पैसे वाचवले ते पाठीने घेतले.

ही एका वस्तीवरची गोष्ट. पण वाचणाऱ्या प्रत्येकाला आपल्या गावातले असे एखादे अंथरूण आठवेल. कुणाचा बाप लकव्याने पडलेला, कुणाची आई नळीवर, कुणाचा चुलता नावे विसरून रात्री-अपरात्री शिवारात निघून जाणारा. गावात किती जनावरे आहेत ते पशुगणनेत कळते. किती म्हातारी माणसे अंथरुणाला खिळली आहेत, हे ग्रामपंचायतीला विचारा. सांगता येणार नाही.

आता सरकारी पैसा कुठे जातो ते पाहू. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ ला सत्तर वर्षे पुऱ्या झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देण्याची योजना सुरू केली. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. या योजनांना नावे ठेवण्याचा विचार नाही. ज्या घरात खुब्याच्या ऑपरेशनसाठी बैलजोडी विकावी लागत होती, त्या घराला या कार्डाची किंमत कळते. पण या योजनेचा हिशेब दवाखान्यात दाखल होण्याचा आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच खर्च तिच्यात धरलेला आहे. सोळाव्या दिवसापासून म्हातारे माणूस घरच्यांचे. मोडलेले हाड आणि म्हातारपण हे पंधरा दिवसांत उरकणारे काम नव्हे, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. पण योजना लिहिणाऱ्याने ते धरलेले नाही.

मग महिन्याची पेन्शन म्हणाल, तर श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्यांना २०२३ पासून दीड हजार रुपये मिळू लागले. त्यातही दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यामागे केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये. दोनशे रुपयांत आज काय येते, हे दिल्लीतल्या साहेबांनी एकदा आठवडी बाजारात येऊन बघावे. आणि हे मिळायचे तर कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत दाखवावे लागते, ही अट वर्षानुवर्षे चालत आली आहे. म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. रोजगार हमीवर एक माणूस दोन दिवस गेला तरी याच्या कितीतरी पुढे जातो. तरी तहसीलदाराचा दाखला मिळतो, कारण देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. खोट्या कागदाशिवाय खरा गरजू योजनेत बसत नाही, अशी ही गत. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. ६५ वर्षांवरच्यांना काठी, कमोड खुर्ची, चष्मा अशा वस्तूंसाठी एकदाच ३ हजार रुपये. वाईट नाही. पण कमोड खुर्चीवर बसवायला दोन माणसे लागतात, ती कोणत्या योजनेतून आणायची?

घरी जमेना, तेव्हा माणूस बाहेर ठेवायचा विचार येतो. आपल्याकडे तसे बोलले जात नाही, पण येतो. जागा दोनच. एक तालुक्याच्या गावातले नर्सिंग होम, दुसरी वृद्धाश्रम. गंमत अशी, की पहिली जागा आरोग्य खात्याच्या वहीत असते आणि दुसरीचा संबंध आला तर समाजकल्याणशी. अंथरुणावरचा म्हातारा या दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडतो.

नर्सिंग होमचा कायदा जुना आहे. १९४९ चा, तेव्हाच्या मुंबई राज्याचा. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम हे त्याचे मूळ नाव. या कायद्याने शुश्रूषागृह कशाला म्हटले आहे, ते नीट वाचण्यासारखे आहे. आजार, इजा किंवा दुर्बलता यांनी ग्रासलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा होते ती जागा. दुर्बलता हा शब्द पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम घातला. म्हणजे नळी घातलेले, कूस बदलावी लागणारे म्हातारे जिथे पैसे घेऊन ठेवले जातात, त्यांना औषधपाणी दिले जाते, ती जागा दारावर पाटी कोणतीही असो, शब्दाप्रमाणे पाहिले तर या कायद्यात यायला हवी. पाटीवर 'आधार केंद्र' लिहा, 'सेवा सदन' लिहा नाहीतर काहीच लिहू नका. मूळ कायद्यात तपासणी अधिकाऱ्याला असा अधिकार दिला आहे, की एखादी जागा नर्सिंग होम म्हणून वापरली जाते असे मानायला वाजवी कारण असेल, तरी त्याला आत जाऊन पाहता येते. नोंदणी नाही म्हणून आम्हाला जाता येत नाही, हे उत्तर ऐकून परत फिरू नये.

महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर ही नोंदणी आणि देखरेख जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे असते. त्यांच्या मागे आधीच जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालये, अपंगत्वाचे दाखले, सोनोग्राफी केंद्रे, कोर्टाचे कागद. त्यातून नर्सिंग होमची तपासणी होते ती बहुतेक परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा कुठे काही भानगड होऊन पेपरात आल्यावर. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा राज्यभर दवाखाने तपासायची मोहीम निघाली होती. मोहीम संपली, की ये रे माझ्या मागल्या. आणि तपासणीत पाहतात काय? डॉक्टरची पदवी, खाटांची संख्या, जैविक कचऱ्याचा करार, आग विझवायची नळकांडी. हे सगळे पाहायलाच हवे. पण कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हातारीची पाठ उघडून कुणी पाहिली का, रात्रपाळीला शिकलेली नर्स होती का कालच कामाला लागलेली पोरगी होती, हे त्या फॉर्मवर कुठे यावे? कूस बदलल्याची वेळ लिहिलेला साधा कागद खाटेला टांगलेला असला तर दोन मिनिटांत कळते. तो मागत कोणी नाही.

नियम अगदीच नाहीत असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने या कायद्याखालचे नियम सुधारले. रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, दरपत्रक लावायचे, बिलासाठी प्रेत अडवून ठेवायचे नाही, तक्रार ऐकायला देखरेख करणाऱ्या कार्यालयाने कक्ष ठेवायचा आणि त्याचा टोल फ्री नंबर द्यायचा. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा दवाखान्याची भिंत बघा. देवाच्या फोटोशेजारी ही सनद दिसली, तर त्या डॉक्टरला रामराम करा. नसली तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. डॉक्टर रागावतील ही भीती मात्र खरी आहे. चाळीस किलोमीटरच्या टापूत तेवढाच दवाखाना असतो आणि रात्री-अपरात्री त्याच्याच दारात जायचे असते. म्हणूनच हे विचारायचे काम एकट्या-दुकट्या गावकऱ्यावर न टाकता सरकारने करायचे असते.

वृद्धाश्रमांची गोष्ट याहून वेगळी. १९९५ मध्ये युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. स्वयंसेवी संस्थांनी चालवायचे आणि समाजकल्याणने बघायचे. पुढे २००७ मध्ये केंद्राने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा केला. त्यात निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, कमीत कमी १५० माणसांचा वृद्धाश्रम, असे लिहिले आहे. लिहिले आहे खरे, पण राज्य सरकार असे आश्रम काढू 'शकेल' असे. शकेल या एका शब्दावर किती जिल्हे कोरडे राहिले असतील! याच कायद्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी सोय हवी, वेगळी रांग हवी, असेही आहे. पोरगा सांभाळत नसेल तर प्रांतांकडे अर्ज करून महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी मागता येते, हे आता गावोगाव माहीत झाले आहे. म्हातारपणी जमीन नावावर करून देताना सांभाळण्याची अट खरेदीखतात किंवा बक्षीसपत्रात लिहून घेतली असेल आणि ती मोडली, तर तो व्यवहार रद्द करता येतो. हे माहीत नसलेले अजून पुष्कळ आहेत.

पण चालत्या-फिरत्या म्हाताऱ्याची सोय वेगळी आणि अंथरुणावरच्याची वेगळी. बहुतेक वृद्धाश्रमांच्या प्रवेशाच्या फॉर्मवर पहिलीच अट असते, स्वतःची कामे स्वतः करू शकणारा पाहिजे. आणि आत असताना कोणी पडला, की मुलाला फोन, घेऊन जा. संस्थांना दोष देऊन भागत नाही. जेवणाखाणाच्या अनुदानावर, तेही वर्ष उलटून हातात येणार, नर्स कुठून ठेवणार? केंद्राच्या योजनेत सतत देखभाल लागणाऱ्या, गंभीर आजारी ज्येष्ठांसाठी निदान वीस माणसांच्या केंद्राला अनुदान देण्याची तरतूद आहे. साध्या वृद्धाश्रमापेक्षा ही वेगळी बाब आहे. आपल्या जिल्ह्यातून असा प्रस्ताव कोणी कधी पाठवला काय, हे जिल्हा परिषदेच्या सभेत सदस्यांनी विचारावे. रस्त्याच्या खडीवर तासभर भांडणाऱ्यांनी यावर पाच मिनिटे भांडावे.

एक संधी आली होती, ती गेली. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. त्यात ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रांची नोंदणी, किमान दर्जा आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांचीही नोंदणी असे सगळे होते. ते समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला आणि २०२४ मध्ये लोकसभाच विसर्जित झाली. त्याबरोबर विधेयकही बुडाले. त्याच्यासाठी कुणी रास्ता रोको केला नाही. अंथरुणावरची माणसे रास्ता रोको करत नाहीत.

या बाबतीत परदेशात काय करतात? अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होमचा मोठा खर्च सरकारच भरते आणि तो भरते म्हणूनच तपासते. १९८७ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक घराची तपासणी जास्तीत जास्त पंधरा महिन्यांत व्हावी लागते, तीही आधी न सांगता. तपासणी करणारे खाटेवरच्या माणसाशी बोलतात, जखमा पाहतात, आणि अहवाल त्या घरातच सगळ्यांना वाचता येईल असा ठेवावा लागतो. तिकडे सगळे आबादीआबाद आहे असे कोणी समजू नये. २०२० च्या कोरोनात तिथल्या नर्सिंग होममध्ये माणसे कशी मेली ते जगाने पाहिले. सरकारी पैसा पुरत नाही आणि माणसे मिळत नाहीत, ही रड तिथेही आहे. पण पैसा आणि तपासणी एकाच दाव्याला बांधायची, एवढे घेण्यासारखे आहे. आपल्याकडे पैसा एका खात्याचा, परवाना दुसऱ्याचा, आणि तक्रार तिसऱ्याकडे.

लांबचे राहू द्या, केरळचे बघू. तिथल्या सरकारने २००८ मध्ये वेदना व परिहार सेवेचे धोरण केले आणि अंथरुणावरच्या माणसाची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम ग्रामपंचायतींकडे दिले. पंचायतीच्या आराखड्यात त्यासाठी पैसा, एक शिकलेली नर्स, प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोड आणि बरोबर गावातले स्वयंसेवक. ती घरी येते, जखम धुते, नळी बदलते आणि मुख्य म्हणजे घरच्यांना शिकवते. यासाठी मोठी इमारत बांधावी लागली नाही, त्यामुळे भूमिपूजनही झाले नसावे.

आपल्याकडे हे का नाही? कागदावर आहे. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे. त्याप्रमाणे जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी, आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्याने घरी पडून असलेल्या ज्येष्ठांकडे भेट देऊन घरच्यांना देखभालीचे शिक्षण द्यायचे, असे ठरलेले आहे. पण आरोग्य सेविकेकडे गरोदर बाया, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाईलवरची रोजची माहिती. म्हाताऱ्याच्या भेटीचा रकाना शेवटचा. तो भरला नाही म्हणून कुणाला नोटीस आल्याचे ऐकले नाही.

आता ग्रामपंचायतीचा प्रश्न. सरपंच म्हणतात, पैसा कुठून आणू? राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांत आरोग्यही आहे आणि समाजकल्याणही. २०२१ ते २६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगात अबंधित निधी या विषयांवर खर्च करता येत होता. मात्र पगारावर नाही. इथे घोडे पेंड खाते. हवेची गादी, चाकाची खुर्ची, ड्रेसिंगचे सामान घेता येईल, पण ते वापरणाऱ्या बाईला मानधन देता येत नाही. ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, काम तेच) लेखापरीक्षणाची धास्ती असते आणि ती खोटी नाही. एक आक्षेप निघाला, की निवृत्तीपर्यंत खुलासे लिहीत बसावे लागते. तेव्हा शासनाने एक स्पष्ट निर्णय काढावा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरसेवेसाठी प्रशिक्षित बाईचे मानधन ग्रामपंचायतीने कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, तो आकडा आणि ते शीर्ष लिहून द्यावे. एका गावाला नाही परवडले, तर चार-पाच गावांत मिळून एक. त्याच निर्णयात असेही लिहावे, की माणसे ठेवून घेऊन शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक जागेची आरोग्य आणि समाजकल्याण या दोन्ही खात्यांनी मिळून, न सांगता तपासणी करायची आणि तिची तारीख व निष्कर्ष पंचायत समितीच्या फलकावर लावायचे. ज्या घराला सरकारी अनुदान आहे किंवा ज्या दवाखान्यात सरकारी कार्ड चालते, तिथे तर यातून सूट असूच नये.

तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे बंधन आहे. लकव्याने हातपाय गेलेल्या म्हाताऱ्याला चाळीस टक्क्यांवर अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो. तो काढायला जिल्ह्याला नेणे जिकिरीचे असते, म्हणून गावातले चार-पाच एकदम एका गाडीतून न्यावेत. ग्रामसभेत यादी करावी. नाव, वय, कधीपासून पडून, घरात करणारे कोण. या शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे सुनेचे किंवा बायकोचे नाव येईल. तेही एकदा सभेत मोठ्याने वाचले जाऊ दे. ती यादी ठरावासह प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी आणि पुढच्या सभेत कितींच्या घरी भेट झाली ते विचारावे.

सुरुवातीला सांगितलेल्या वस्तीवर मुलाने असेच केले. लेखी अर्ज, वर पोच. पंधरा दिवसांत आरोग्य सेविका येऊन गेली. जखम धुऊन दाखवली, सुनेला कूस कशी बदलायची ते शिकवले, पेंड्यावर गोधडी टाकून पाठीखाली कुठे काय द्यायचे ते सांगितले. हवेची गादी मिळेल का, असे विचारले तर म्हणाली, स्टोअरला नाही, मागणी तालुक्याला पाठवली आहे. गादी अजून आलेली नाही.